चार शतांश

शेवटच्या पाळीचे दोन रोल घेऊन
बोर्झेक कालोउस आला. टोपीवर ओस्त्रावाचा बर्फ तसाच.
पिंजरा वर आला तेव्हाचे, म्हणाला.
एक संपला, दुसरा भरला, तोवर कुणी हललं नाही.
कपाळांवर दिवे पेटलेले, तोंडं काळी,
आणि दाराच्या डाव्या कोपऱ्यात विलेम.
तो दिसायला हवा.

ड्राहोमीराबाईंनी पहिला रोल नेहमीसारखा धुतला:
वीस अंश, अकरा मिनिटं,
दर मिनिटाला डबी दोनदा उलटी, एकदा टेबलावर टक्‌.
बुडबुडे अडकू नयेत म्हणून, असं त्या सांगतात.
मला वाटतं, सवय.

सुकल्यावर डेन्सिटोमीटर.
आधी कोरी पट्टी मोजायची,
फिल्मचा स्वतःचा धुरकटपणा
प्रत्येक आकड्यातून वजा.
दिवे एक पॉइंट नऊ. कागदाला झेपणार नाही.
कोपरा:
काटा हलला की माझा हात?
पुन्हा मोजलं. चार शतांश.

"दहाच्या खाली आपण काही धरत नाही," मी म्हणालो.
बाईंनी वर पाहिलं नाही.
"तेवढा विलेम आहे."

दुसरा रोल अजून अंधारात.
आठ मिनिटं दिली तर दिवे ताळ्यावर येतील,
काचेमागची तारसुद्धा दिसेल,
प्रदर्शनाला पाठवण्याजोगं काम,
आणि कोपरा बुडेल.
चौदा दिली तर कपाळाकपाळावर पांढरी भोकं.
कोपरा वर येईल, पण किती?
प्रकाशच पोचला नाही तिथे
नुसती वेळ काय करणार.

मी आलेख काढला.
बाईंनी त्यावर चहाचा कप ठेवला
आणि बोर्झेकला विचारलं.

त्याने टोपी काढली. बर्फाचं पाणी झालं होतं.
"दिवे जाऊ देत पांढरे.
खाली एकमेकांकडे वळलो की
आम्हालाही ते असेच दिसायचे.
बोलताना डोळे मिटावे लागायचे."

चौदा मिनिटं. मी मोजली, त्या उलटत राहिल्या.

सहा शतांश.

कडक कागद, आणि कोपऱ्यावर
तारेला चिकटवलेला नाण्याएवढा पुठ्ठा हलवत ठेवायचा,
सावलीवर सावली.
ट्रेमध्ये आधी जबड्याची कड आली,
मग कान,
मग कुणाच्या तरी खांद्यावर ठेवलेला हात.

हा हात बोर्झेकला आठवत नव्हता.
लाल दिव्यात तो वाकून पाहत राहिला,
खांदा कुणाचा ते ओळखायला,
आणि फिक्सरची वेळ कधीच संपून गेली होती.