एकशे एक

जानेवारीतला शनिवार. आलेन्तेजूतली कोरडी थंडी.
बॉयलरच्या खोलीला लागून आमच्या बूच-कारखान्याची,
म्हणजे सहकारी संस्थेची, वार्षिक सभा.
प्रोजेक्टर मी घरून आणला होता.
भिंत सपाट नव्हती,
त्यामुळे माझा गोल जरा अंड्यासारखा पडला.

तीन रात्री बसले होते त्याच्यावर.
वाइनची बुचं बेचाळीस टक्के, गडद तपकिरी.
भिंतींची अस्तरं अठ्ठावीस.
शॅम्पेनच्या चकत्या अठरा.
चपलांचे तळवे नऊ.
आणि राखाडी रंगात
साडेपंधरा अंशांची एक चिंचोळी फट,
तिच्यावर लिहिलेलं, इतर : चार.

बघा, मी म्हणाले, सगळा धंदा एका नजरेत.
बँकेला असंच लागतं.
बँकेचं नाव निघाल्यावर मागचे बाक सावरून बसले.

फ्लोरिवालनं हात वर केला.
तो कोळ्यांच्या जाळ्यांना तरंगते मणी करून देतो.
त्याच्या शेजारी मधाच्या पेट्यांची झाकणं करणाऱ्या
त्या दोघी बहिणी.
"राखाडी म्हणजे आम्ही का?"

मी म्हणाले, प्रत्येकाला रंग दिला तर
फाका इतक्या बारीक होतात
की नावं गोलाबाहेर काढून रेघेनं बांधावी लागतात,
शेळ्या बांधतात तशी.
हे बोलायला नको होतं.

एर्मेलिंदा तेवढ्यात ओठ हलवत होती.
एकोणतीस वर्षं प्रतवारीच्या टेबलावर,
नुसतं हुंगून कुबट बूच बाजूला काढते ती.
"एकशे एक होतात," म्हणाली,
"हा वरचा एक कुणाचा?"

सभा हसली.
मी फळ्याकडे गेले, खडू हुडकला.
दशांश सोडले की असं होतं, सांगू लागले,
अर्ध्याच्या वर असेल तर पुढचा आकडा,
खाली असेल तर मागचा.
एक्केचाळीस पूर्णांक सहा, त्याचे बेचाळीस.
सत्तावीस पूर्णांक सहा, त्याचे अठ्ठावीस.
सतरा पूर्णांक सात. आठ पूर्णांक आठ.
लिहिता लिहिता हात हळू झाला.
चौघांचं वाढलं होतं.
चार पूर्णांक तीन, त्याचे चार.
कापलं गेलं फक्त एकाचं.
हिशेबात कुठेच चूक नव्हती,
आणि माझ्या पाठीमागे कुणी हसत नव्हतं.

एर्मेलिंदा उठून कारखान्यात गेली,
बुचं पाडून झालेली सालीची एक पट्टी घेऊन आली.
लांबट, वाकडी, भोकाभोकांची.
"गोल निघून गेले की हे उरतं.
हेच दळून तुझी अस्तरं होतात.
हे कुठे दाखवलंस?"
आणि प्रोजेक्टरसमोर धरली.

माझ्या रंगांवर पट्टीची सावली पडली
आणि त्या सावलीत,
एका ओळीत, नाण्याएवढे,
उजेडाचे आठ गोल.

शाळेत घोकलं होतं, वर अंश, खाली छेद.
वाटायचं, खालचा आकडा नुसता भार वाहायला असतो.
मी इतकी वर्षं अंशच मांडत आले,
कोनमापकानं, नेटके, रंग भरून.
छेद तिच्या हातात होता.

म्हातारा झेफेरीनू, ज्याच्या कुऱ्हाडीनं
अर्ध्या जंगलाची साल निघाली आहे,
इतका वेळ डोळे मिटून होता.
त्यानं एवढंच विचारलं,
"यात यंदा न सोललेली झाडं आहेत का?"
एकदा सोललं की नऊ वर्षं हात लावायचा नाही,
खोडावर पांढरा आकडा रंगवून वाट बघायची.
नाहीत, मी म्हणाले.
"मग हे जंगल नव्हे, उन्हाळा आहे,"
तो म्हणाला, आणि सूप झालं का ते विचारलं.

अहवाल मी तसाच पाठवला.
जास्तीचा एक सगळ्यात मोठ्या फाकेतून गुपचूप काढायचा,
कुणाच्या लक्षात येत नाही, असं शिकवलेलं आहे मला.
मी काढला नाही.
राखाडीला मात्र तीन रंग दिले,
नावं रेघांनी बाहेर बांधली.

मंगळवारी बँकेतून फोन आला.
बेरीज चुकलीय, बाई.
हो, मी म्हणाले,
आणि पुढे काय बोलावं ते सुचेना,
म्हणून खिडकीतून दिसणारी झाडं मोजत राहिले.