कोसंबी, फाइल क्रमांक एकोणचाळीस

चौतीस वादक, एक बस,
मागच्या जीपमध्ये आम्ही तिघं.
केतकीला फ्रेममध्ये धूळ हवी होती,
म्हणून सिंदेवाहीपासून काचा उघड्या.
धूळ आली.
माझ्या माइकच्या केसाळ टोपीत अजून आहे ती,
झटकली की शिंक येते.

गावाबाहेर धानाचे पुंजणे, त्यांच्यापलीकडे स्टेज.
उद्याच्या नाटकाचा राजवाडा पडद्यावर आधीच टांगलेला :
दोन सिंह, एक कारंजं, कारंज्याला ठिगळ.
त्याच्यापुढं व्हायोलिनवाल्यांच्या खुर्च्या.
समोरची जमीन खणून उतरती केलेली,
तणसावर सतरंज्या.

थंडी पडली तशा तारा उतरू लागल्या.
ओबोनं सूर दिला, सगळ्यांनी घेतला,
आणि स्टेजमागून जनरेटरनं स्वतःचा वेगळाच लावला.
मी हेडफोन गळ्यात टाकून रुषीजी बोरकुट्यांकडे गेले.
काका, हा थोडा दूर नेता येईल का?
"नेतो जी.
पण उजेड बी त्याच्याच संगं येते."

केतकीनं चेहरे घेतले, अगदी जवळून.
शालीतले, कानटोपीतले, एक झोपलेलं मूल.
दीड तास कोणीही उठलं नाही.
हे वाक्य आता निवेदनात आहे,
भारदस्त आवाजात, पुढं थोडा थांबा.

पार्बताबाई नान्हेंनी मला दुपारीच सांगितलं होतं,
बोडीच्या पाळीवर जाळं वाळवताना :
इकडच्या वाटेवर वाघीण आहे, पिलांची.
रात्री यायचं तर सगळ्यांनी, जायचं तर सगळ्यांनी.
मधातून उठून एकटं कोण जाते, बाई?

मी केतकीला सांगितलं.
ती हसली, म्हणाली, भारीच आहे हे.
मग म्हणाली, पण नको.

तिसऱ्या रचनेत जनरेटर खोकला आणि बसला.
राजवाडा गेला. सिंह गेले. कागद दिसेनात.
व्हायोलिनं एकेक करून थांबली,
पायरी चुकल्यावर माणूस थांबतो तशी.
आग्नेलो फुर्तादोचा डबल बास तेवढा चालू राहिला.
त्या भागात त्याच्या वाट्याला दोनच सूर होते,
खालचा, आणि त्याहून खालचा.
बाकीचे परत येईपर्यंत जागा धरून ठेवली,
आणखी काय,
असं तो नंतर बसमध्ये म्हणाला, मुरमुरे खात.

चार मिनिटं अकरा सेकंद.
कॅमेऱ्यात नुसतं काळं.
माझ्याकडे सगळं आहे :
दोन सूर. गजाची ओढ.
रुषीजींनी दोरी ओढली, पुन्हा ओढली, एक शिवी.
मग तळ्यापलीकडे कुठंतरी भेकर ओरडलं,
तुटक, पुन्हा तुटक,
आणि चारशे माणसांनी एकदमच श्वास धरला.

आग्नेलोला वाटलं, आपल्यासाठी.
गज आणखी हळू केला त्यानं.

उजेड आला, व्हायोलिनं शिरली,
रचना जिथं संपायची तिथं संपली.
पार्बताबाईंनी विचारलं,
"तो मोठावाला काहून थांबला जी?"
थांबला नाही आजी, बाकीच्यांत मिसळला.
"हाव का," त्या म्हणाल्या,
आणि स्टेजकडे पाहत राहिल्या,
उसने नेलेले पैसे कमी परत आल्यासारख्या.

फिल्म बावन्न मिनिटांची झाली.
एकोणचाळीस नंबर तिच्यात नाही.
काळ्या पडद्यासमोर चार मिनिटं कोण बसेल,
केतकी विचारते, आणि तिचं बरोबर आहे.
वाटेवर वाघीण असेल तर बसतील,
हे मी मनात म्हणते.

कधी रात्री नागपूरच्या खोलीत पंखा बंद करते,
फाइल लावते.
श्वास धरला ती जागा स्पष्ट आहे,
दोन मिनिटं चाळीसवर.
सोडला कुठं, ते मात्र
आवाज कितीही वाढवला तरी
अजून सापडलेलं नाही.