नऊ भोकांचा शिंपला

शनिवारी साडेदहाला
मी तिकिटाच्या टेबलामागून उठतो आणि चटई अंथरतो,
जुन्या बटण-कारखान्याच्या मधल्या खोलीत,
जिथे कापणारी यंत्रं ओळीने उभी असायची.
मुलांना तिकीट नाही.
मोठ्यांना दोन डॉलर. कोणी विसरलं
तर मी आठवण करून देत नाही.

आज पाच जण.
ओडेलांच्या जुळ्या, एकीचे बूट दुसरीच्या पायात.
पॉ थू, जी मागच्या शनिवारी एक अक्षर बोलली नाही.
आजोळी आलेला एक मुलगा, नाव सांगायला तयार नाही.
आणि एफ्राइन. त्याचा बाप
डुकरांच्या कारखान्यातली रात्रपाळी करून थेट इकडे आलाय,
भिंतीला टेकल्या टेकल्या झोपलाही,
टोपी मांडीवर उताणी, जणू कोणी त्यात नाणं टाकावं.

व्हर्डा लिंडक्विस्ट खुर्चीत बसते. वय एक्याऐंशी.
पुस्तक आणते दर वेळी, उघडत नाही.
"नदीच्या तळाशी," ती म्हणते,
"माणसं राहावीत तसे शिंपले राहायचे, दाटीवाटीने.
एक होता धुण्याची फळी.
एक डुकराचं खूर.
आणि एक माकडतोंड्या."
जुळ्या चटईवर आडव्या होऊन हसतात.
"खरी नावं आहेत," व्हर्डा म्हणते,
"माझ्या आईला सगळी पाठ होती."

मग शिंपला हातोहात फिरतो.
तळहाताएवढा, आतून आभाळ उजाडतानाचा रंग,
आणि आरपार नऊ भोकं,
पोळीतून वाटीने पुऱ्या पाडाव्यात तशी.
नाव न सांगणारा मुलगा एकेका भोकात करंगळी घालून बघतो.
शेवटच्यात अडकते.
जरा घाबरतो. जरा आवडतंही त्याला.

"भोकं कुठे गेली?"

पॉ थू विचारते.
कोणी हसत नाही, कारण प्रश्न बरोबरच आहे.
व्हर्डा बोलायला तोंड उघडते आणि थांबते.
मला माहीत आहे ती काय गिळतेय.
चहाच्या वेळी सांगितलंय तिने मला:
आई घरी यायची ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी,
भुवया पांढऱ्या,
आणि रात्रभर खोकला, भिंतीपलीकडे,
एकेक बटण मोजल्यासारखा.

"शर्टांवर गेली," व्हर्डा म्हणते. "जगभर.
शोधा बरं, कुठे सापडतात का."

झालं. चटई रिकामी.
जुळ्या एकमेकींची गळपट्टी तपासतात.
माझ्या बाह्या तपासल्या जातात: प्लास्टिक, प्लास्टिक,
एक तुटकं.
एफ्राइन शिंपला घेऊन बापाकडे जातो,
गुडघ्यांवर बसतो,
झोपलेल्या छातीवर एकेक भोक लावून बघतो.
कामाच्या जाकिटाला टिचबटणं आहेत, लोखंडी.
एकही बसत नाही.
तो वरून पुन्हा सुरू करतो, सावकाश,
डॉक्टर लावतात तसा शिंपला टेकवत.

बाप डोळा उघडतो.
एकच.
भोकापलीकडे मुलाचाही एक.
काय चाललंय हे तो विचारत नाही.
हलत नाही, एवढंच.
शोध पुरा होऊ देतो.

बाराला सगळे गेले.
व्हर्डाने पुस्तक तसंच पिशवीत घातलं.
शिंपल्याच्या कार्डावर तिचंच अक्षर आहे:
"नदी: आपली. भोकं: नऊ. देणाऱ्याचं नाव:"
आणि पुढे कोरं.

चटई मी मागच्या दाराशी झटकतो.
सत्तावन्न वर्षं झाली यंत्रं बंद पडून,
अजून फळ्यांच्या फटींतून पांढरं वर येतं.
जाताना पॉ थूच्या गुडघ्यांवरही होतं ते.
तिच्या आईने पायरीवर थांबून दोनदा झटकलं,
मग थुंकीने बोट ओलं करून पुसलं,
आणि तशीच, थोडी पांढरी राहिलेली,
तिला कडेवर घेतलं.