तिसरं रीळ

दर वर्षी, उत्तम शुक्रवारच्या अलीकडच्या बुधवारी,
शरणपुरात चर्चमागच्या चिंचेला चादर बांधायचे.
चादर सुवार्ताबाईंची. मधोमध इस्त्रीनं जळालेली,
म्हणून त्या परमुलखातल्या प्रत्येक आभाळात
एक तपकिरी सूर्य ठरलेला,
रात्रीच्या प्रसंगातसुद्धा.

सिनेमा एकच. कुणी पाद्री जाताना ठेवून गेलेला.
त्याची भाषा आमच्यातल्या कुणालाच येत नव्हती.
शांतवन साळवे माइक धरून सांगायचे,
दिवसभर प्रेसमध्ये दुसऱ्यांच्या नोटा मोजून
बसलेल्या आवाजात :
ही गिरणीवाली. ही तिची मुकी सून.
पिठाच्या कोठीत लपलेत ते अकरा जण,
ज्यांची नावं सैन्याच्या यादीत आहेत.
त्यांचा देव वेगळा, हिचा वेगळा,
पण पीठ, मंडळी, एकच.

मी रिळं उलटी गुंडाळायचो. मजुरी : द्राक्षांचा एक घड.

दुसरं रीळ संपायचं दारासमोरच्या बुटांवर.
तिसरं नव्हतंच.
डबा होता, डब्यावर आकडा होता,
आत कुणाचीतरी दोऱ्याची रिळं.
आणि चौथं सुरू व्हायचं तेव्हा
शिपाई उतारावरून परत निघालेले,
गिरणीवाली पायरीवर बसून
पदरात अडकलेले गहू झाडतेय.
मधे काय घडलं, ते शांतवनमामांवर होतं.

एका वर्षी त्यांनी शिपायांना आंधळं केलं.
एका वर्षी अधिकाऱ्याला त्याची आई आठवली.
एकदा मुकी सून बोलली. त्या वर्षी
बायका फार रडल्या, आणि दानपेटीत
फाटक्या का होईना, नोटा निघाल्या.

मग मामांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं.
त्या बुधवारी बुटांनी दार ठोठावलं,
फीत सुटून चाकावर फडफडत राहिली,
चादरीवर नुसता उजेड. आणि डाग.
लांब देवळालीकडं रात्रीचा सराव चाललेला,
आधी गोळा, मग आमच्या खिडक्यांची तावदानं.
मामा माइक धरून उभे, तोंड उघडं.

मागच्या बाकावरून सुभेदार कडलग उठले.
चर्चमधले नव्हेत. भिंतीपलीकडं राहायचे,
दर वर्षी यायचे, कुणाला न विचारता बसायचे.
माइक त्यांनी घेतला नाही.

"आम्ही तोफखान्यातले. आमच्यात दार ठोठावत नाहीत.
मी पुढं, टेकडीवर, दुर्बिणीपाशी.
मी आकडा सांगायचा, मागून गोळा यायचा.
त्या घरात शत्रू आहे, असा निरोप.
दुर्बिणीत एक बाई. अंगणात ताटं घासत होती.
चौदा ताटं. मोजली मी.
शत्रूची की लपलेल्यांची, ते ताटांवरून कळत नाही.
मी आकडा दोनशेनं वाढवून दिला."

खाली बसायला लागले, बसले नाहीत.

"दोनशे मीटर पुढं काय होतं, ते पाहिलं नाही.
दुर्बीण होती हातात. पाहिलं नाही.
म्हणून दर वर्षी येतो.
म्हटलं, यंदा सापडलं असेल तुमचं ते रीळ."

कुणी आमेन म्हणालं नाही.
फीत फडफडत होती, ती मी बोटानं थांबवली.
सुवार्ताबाई अंधारातून म्हणाल्या,
"चौथं लाव रे पोरा. माणसं ताटकळलीत."

बोटं द्राक्षांनी चिकट. दोनदा चुकलं.
मग तेच : उतार, धूळ, शिपायांच्या पाठी,
आणि इतक्या वर्षांत मला न दिसलेली एक गोष्ट.
रांगेतला सगळ्यात शेवटचा
जाता जाता एकदाच मान वळवतो,
गिरणीकडं नाही,
गिरणीच्याही मागं, लांब, कशाकडंतरी,
आणि चादर तिथंच संपते.