कोरा फर्मा

आमच्यात वडिलांना पाय म्हणतात.
"पाय घरात नाहीत," असं मी दारातून सांगितलं
की दूधवाले तानाजीमामा
माझ्या पावलांकडं बघायचे.

पाय उद्यमनगरात पॅटर्न करायचे.
सागवानी पंप, सागवानी चाकं,
लोखंडाच्या आधीचं लाकूड.
घरी यायचे ते कानामागं पेन्सिल
आणि रिकाम्या डब्यात भुसा घेऊन.
डिसेंबरात तो गव्हाणीत जायचा, बाळ येशूच्या खाली.
बाकीचे अकरा महिने
नॉर्बर्टच्या सशाखाली.

आई पुस्तकं बांधायची.
शाळेत चौथीचा वर्ग, सुटल्यावर चप्पल लाइन,
तिथल्या कातड्याच्या कापण्या पिशवीत.
"एका टाचेत दोन कणे बसतात," म्हणायची.
लक्ष्मीपुरीतला रद्दीवाला तिला लांबून बघून ओरडायचा,
"आला बघा दवाखाना!
बाई, ह्यो पेशंट लई सिरियस हाय."

साडेसातला रोझरी.
सेराफिना गुडघ्यावर, पुस्तक गुडघ्याखाली,
बोट पान एकशे चारमध्ये.
माझ्या हातात क्रोशाची सुई, कारण मला परवानगी होती:
दहा खांब, एक साखळी,
दहा नमो मारिया, एक आमच्या बापा.
तिसऱ्या रहस्याला कुकरची शिट्टी,
चौथ्याला नॉर्बर्ट आडवा.
आमचा तो टेबलक्लॉथ अजून आहे,
एका कोपऱ्यात जरा वाकडा.
त्या दिवशी वीज गेली होती.

मग ती कादंबरी आली, रद्दीतून, किलोच्या भावानं.
कव्हर नाही, नाव नाही,
शेवटचा अख्खा फर्मा गायब.
एक पोस्टमन नदीच्या अलीकडं उभा आहे,
पिशवीत एकच पत्र, पाणी वाढतंय,
आणि तेवढ्यात त्याला

एवढंच.

जेवताना भांडणं झाली.
सेराफिना म्हणाली, बुडाला.
नॉर्बर्ट म्हणाला, मगर.
मी म्हणाले, पत्र त्याचंच होतं.
पायनी भाकरी मोडली आणि विचारलं,
"होडी आहे का तिथं?"
नाही म्हटल्यावर गप्प जेवले.

आईनं रात्री सोळा कोरी पानं शिवली,
मधाच्या रंगाचा कणा चढवला
आणि पुस्तक टेबलावर ठेवलं.
"घ्या. ज्याला जे पाहिजे ते लिहा."

कुणीच लिहिलं नाही.
आपलं अक्षर छापील अक्षराला लागून बसवायचं
म्हणजे नव्या जावेनं
पहिल्याच दिवशी पाटावर बसण्यासारखं.

पण घरात वही कधी सापडते?
एका सकाळी तानाजीमामा दारात,
पेन आहे, कागद नाही,
आणि हाताशी तेच पुस्तक.

परवा मी ते पुन्हा वाचलं.
पोस्टमन नदीकाठी उभा आहे,
पाणी वाढतंय,
आणि तेवढ्यात त्याला
म्हशीचं दीड लिटर, बुधवारी खाडा.
त्याखाली नॉर्बर्टचा ताप,
एकशे दोन, एकशे तीन, एकशे एक,
दर दोन तासांनी, आईच्या अक्षरात,
पहाटे चारचा आकडा थरथरलेला.
मावशीच्या आत्म्यासाठी मिस्सा, फादरांना विचारणे.
कळीच्या नक्षीचे खांब, माझे, चुकलेले.
सेराफिनाचा बेळगावच्या होस्टेलचा पत्ता,
खोडलेला, पुन्हा लिहिलेला,
मग नुसता एक फोन नंबर.
खळ: मैदा, मोरचूद, चिमूटभर.

पंधराव्या पानावर पेन्सिल.
एक होडी, बाजूनं आणि वरून,
उद्यमनगरातल्यासारखी, प्रत्येक रेघेला माप.
लांबी साडेनऊ फूट.
आंबा चालेल, फणस बरा.
आणि अगदी खाली, बारीक,
जिथं ते नेहमी लोखंडाचं वजन लिहायचे,

एक माणूस, एक पिशवी.
तरेल.

सोळावं पान कोरं आहे.
तानाजीमामांचा नातू आत्ताच बेल वाजवून गेला,
मी अजून पेन शोधतेय.