आर्त्विनचा घाट

तीस वर्षं यांनी बस हाकली,
आर्त्विन ते होपा, नागमोडी घाटातून.
कुणाला मळमळलं तर
आरशात न बघताच म्हणायचे,
"मागे पिशव्या आहेत."
मलासुद्धा. पोटात सेलाल होता तेव्हा.

आज मागच्या सीटवर, माझ्या शेजारी, फिंदिक.
मूठभर हिरवा जीव, पट्ट्यात आवळलेला पिंजरा.
तिसऱ्याच वळणाला मान झटकली,
दाणे उलटले, गजांवर, माझ्या बाहीवर.

गाडी थांबली.
लिंबाच्या कोलोनची बाटली मी उघडणार
तर म्हणाले, "नको, वासानं गुदमरेल ते."
दांडी खाली बसवली,
पाण्याची वाटी काढून काकडीची चकती अडकवली.
पिंजऱ्यावर माझी शाल, तीन बाजूंनी.
चौथी उघडी, दूरचा डोंगर दिसावा म्हणून.
डोंगर हलत नाही ना.

मग दुसऱ्या गिअरमध्ये,
वळणाआधीच ब्रेक,
झोपलेल्यावर पांघरूण घालावं तसा.
मागून हॉर्नवर हॉर्न.
हे आरशात बघतायत. दर वळणाला.

फिंदिक काकडी टोचतंय.
मी खिडकीबाहेर बघते,
तोंडात एक जुनी आंबट चव,
आणि विचारत नाही
हे सगळं तुम्हाला
कधीपासून येत होतं.