तळव्यांची नोंद

शाळेच्या कोठीघरात, दुपारच्या जेवणाच्या तांदळाशेजारी
यंत्र बसवलंय. माती काढून, खडकाला टेकवून.
मुख्याध्यापक विचारतात, ह्याला उंदीर चालतात का?
चालत नाहीत.
उंदीर धावला तरी पडद्यावर बारीक काटे उमटतात,
मुलं प्रार्थनेला उभी राहिली की
एक अख्खं जंगल.

मंगळवारी पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी
नेत्रावळी हलली.
गावसांच्या दुकानातल्या बरण्या एकमेकींना लागल्या, एवढंच.
मग मागून येणारे आले.
पहिल्या दिवशी त्रेचाळीस, दुसऱ्या दिवशी एकवीस,
तिसऱ्या दिवशी चौदा, दहाव्या दिवशी चार.
सव्वाशे वर्षांपूर्वी जपानात कुणीतरी हे मोजून ठेवलंय:
पहिल्या दिवसाला दिवसांनी भागत जायचं.
शून्य कधी येत नाही.
वाट पाहणं तेवढं लांबत जातं.

आणि उद्या याहून मोठा आला
तर मंगळवारचा हा मुख्य उरणार नाही,
त्याला पूर्वधक्का म्हणावं लागेल.
कोण आधीचा, कोण नंतरचा,
हे सगळं संपल्यावर ठरतं.
म्हणून वहीत मी पेन्सिल वापरते.

दुपारी घरोघर फॉर्म घेऊन हिंडते.
प्रश्न सातवा: टांगलेल्या वस्तू हलल्या का?
हलल्या, पण डंपर गेला की रोजच हलतात.
प्रश्न नववा: आपण घाबरलात का?
चंद्रावती गावकर म्हणाली, घाबरायला जागी कुठं होते,
सकाळी लोकांनी सांगितल्यावर घाबरले.
यासाठी फॉर्ममध्ये चौकोन नाही.

शेवटचं घर बाबुसो वेळीपचं.
बावीस वर्षं खाणीत सुरुंग लावले,
डावा कान तिथेच ठेवून आला.
मागल्या भिंतीवर कोळशाच्या रेघा. एकोणीस.
घड्याळ नाही; प्रत्येक रेघेजवळ एक खूण:
पाव, म्हणजे पोदेराच्या भोंग्याआधी.
चाक, म्हणजे केप्याची पहिली बस.
पोकळ गोल, म्हणजे झोप लागत नव्हती.

मी म्हटलं, खाली क्वारीत रोज एक वाजता स्फोट होतात,
यात ते किती?
तो हसला. चपला काढून
शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाय रोवून उभा राहिला.
"बाये, सुरुंग धुकलता. हो ओडटा."

हेच शिकायला मला दोन सेमिस्टर लागली होती.
स्फोट सगळीकडे बाहेर ढकलतो,
रेघेची पहिली उडी कुठेही वरच जाते.
भूकंप कुणाला ढकलतो, कुणाला ओढतो;
आमच्या कोठीघरात
त्या मंगळवारपासून रेघ आधी खालीच जाते आहे.

रात्री दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या.
पाव जुळले, चाकं जुळली.
एकोणीसपैकी सतरा.
उरलेले दोन शनिवारच्या रात्रीचे, दोन्ही पोकळ गोल.
तेव्हा वीज गेली होती आणि बॅटरीही मेली होती,
यंत्राकडे त्या रात्रीचे पाच तास कोरे आहेत.

कोऱ्या जागेत काही नव्हतं असं मला लिहिता येत नाही.
होतं असंही नाही.
तळव्यांना स्टेशन क्रमांक देत नाहीत.

परत गेले तेव्हा बाबुसो पायरीवर बसला होता,
उजवा पाय मांडीवर घेऊन, पोटरी दाबत.
पोटरी आपली आपण थरथरत होती,
थांबत होती, मग पुन्हा, थोडी कमी.
मी बघितलेलं त्यानं बघितलं.

"खाण बंद झाल्यापासून होतं," म्हणाला.
"त्या दोनांतला एक माझाच असेल.
एक खोडून टाक."
थोड्या वेळानं:
"कुठला, तें म्हाका विचारूं नाका."

आज एकेचाळिसावा दिवस. हिशेबाने एक यायला हवा.
कोठीघरात दिवा मालवून बसले आहे, चप्पल बाहेर.
यादीत दोन ओळी अजून पेन्सिलीत आहेत,
खोडरबर टेबलावर,
आणि तांदळाच्या पोत्यांमागे उंदीर.